तुझ्याजवळ कोण असतंय?

सांगलीतल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी स्ट्रायकर म्हणून अकरा सामने खेळलो आणि एकही गोल केला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, साताऱ्यात बारावीला असताना, मी सव्वीस गोल केले होते. आकडा पाठ आहे, कारण फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी प्रत्येक गोलाची एक रेघ मारून ठेवायचो. ती वही मी सांगलीलाही नेली होती. तिथं एकही रेघ वाढली नाही.

पाय तेच होते, बूट तेच होते. माहुलीजवळून वाहणारी कृष्णाच पुढं सांगलीच्या घाटाला लागते, म्हणजे नदीसुद्धा तीच. मग सव्वाशे किलोमीटरमध्ये माणूस गोल करायचं विसरतो का? त्या वर्षी मला खरंच वाटलं होतं की विसरतो.

साताऱ्याचं आमचं मैदान मुरमाचं. वर बघितलं की अजिंक्यतारा, आणि खाली पडलं की गुडघा सोललाच. आमचा संघ ४-४-२ खेळायचा. फुटबॉलमधले हे आकडे गोलकीपर सोडून मागून पुढं वाचायचे: चार बचावाला, चार मध्यात, दोन पुढं. आम्हाला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या पीटीच्या सरांचा जीव कबड्डीत. फुटबॉलच्या पोरांना ते शिट्टी आणि चेंडू द्यायचे आणि कबड्डीच्या पट्टीकडं निघून जायचे. पुढं दोघं होते, कारण पुढं खेळायची हौस दोघांना होती. एक मी, नऊ नंबर. दुसरा माझा मित्र, दहा नंबर. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलेलं त्याला आवडणार नाही, आणि सगळे त्याला दहा नंबरच म्हणायचे.

आमचा गोल जवळपास दर वेळी एकाच रीतीनं व्हायचा. आमच्या मिडफिल्डरकडं चेंडू आला की दहा नंबर समोरच्या गोलकडं पाठ करून दहा-बारा पावलं आमच्या बाजूला यायचा. त्याच्यावर लक्ष ठेवणारा समोरचा स्टॉपर आता पेचात. तो जागेवर थांबला, तर दहा नंबर आरामात वळणार आणि चेंडू घेऊन अंगावर येणार. तो दहा नंबरच्या मागं आला, तर त्याच्या जागी भगदाड पडणार. स्टॉपर बहुतेक वेळा मागं यायचा. मी त्या भगदाडात सुटायचो, दहा नंबर एका टचमध्ये चेंडू तिकडं सरकवायचा, आणि माझ्यासमोर फक्त गोलकीपर उरायचा.

मला वाटायचं, मी जोरात पळतो म्हणून गोल होतात. पळत मी होतोच. पण मी ज्या जागेत पळत होतो ती कुणीतरी आधी रिकामी करून ठेवली होती, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याच वर्षी एका निवड चाचणीला आम्ही दोघं गेलो. दोन तास खेळवलं. मग टेबलामागच्या माणसानं एकेकाला बोलवून विचारलं, "वर्षभरात गोल किती?" मी सव्वीस म्हणालो. दहा नंबर म्हणाला, "चार." माझं नाव यादीत आलं, त्याचं नाही. त्या चाचणीचं सर्टिफिकेट पुढं मला सांगलीच्या प्रवेशाला उपयोगी पडलं. एसटीनं परत येताना आम्ही शेजारी बसलो होतो. पोवई नाक्यावर उतरून तो "चल" म्हणाला आणि गेला. मीही काही बोललो नाही. खरं सांगायचं तर बोलण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नव्हतं. सव्वीस ते सव्वीस आणि चार ते चार.

*

सांगलीचं मैदान काळ्या मातीचं. जून-जुलैत बुटाला चिकटून एकेक पाय दोन-दोन किलोचा व्हायचा. पहिल्याच सरावाच्या सामन्यात आम्ही पाच गोल खाल्ले. आमचे सर शिस्तीचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर ४-५-१ काढलं. चार मागं, पाच मध्यात, पुढं एक. एकाच्या गोलाला खडूनं दोनदा गिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. मला अभिमान वाटला. पुढं एकटा मी!

सरांचं चुकलं नव्हतं. आम्ही गोल खायचे थांबलो. मध्यात पाच जण आडवे उभे राहिले की समोरच्यांना मधून वाट मिळत नाही. ते कडेनं जातात, तिथून चेंडू उंच टाकतात, आणि आमचे दोन धिप्पाड स्टॉपर तो डोक्यानं बाहेर काढतात. अकरा सामन्यांत आम्ही पाच ०-० असे सोडवले. फक्त चेंडू बाहेर काढल्यावर पुढं काय, याचं उत्तर त्या फळ्यावर नव्हतं.

मैदानात ते असं दिसायचं. आमच्या पेनल्टी बॉक्सपाशी आम्ही चेंडू जिंकलो. त्या क्षणी आमचे नऊ जण तिथंच, खाली. मी सेंटर लाइनपाशी, पस्तीस-चाळीस मीटर लांब. मधे कुणी नाही. म्हणून चेंडू उंच मारायचा माझ्या दिशेनं. माझी उंची पाच फूट सहा इंच आणि माझ्या पुढं-मागं दोन स्टॉपर. समजा मी उडी मारून चेंडूला डोकं लावलंच, तरी तो पडणार कुठं? पडलेला चेंडू उचलायला माझ्याजवळ आमचा एकही माणूस नसायचा. मागून सगळे ओरडायचे, "धरून ठेव! धरून ठेव!" मी चेंडू धरायचो, पाठीवर धक्के खायचो, आणि आमचे मिडफिल्डर पोचेपर्यंत तो गेलेला असायचा. सत्तर मिनिटांनी माझ्या पायात जीव नसायचा, आणि सामन्यात मी चेंडूला एकूण बारा-पंधरा वेळा शिवलेलो असायचो.

एखादा लहान पास, एखादी भिंत, दोघांत मिळून तिसऱ्याला चकवणं, ही फुटबॉलची हल्ल्याची साधी हत्यारं आहेत. त्यातल्या प्रत्येकाला किमान दोन माणसं लागतात. मला एकट्याला त्यातलं काहीच करता येत नव्हतं.

ते वर्ष २०१७. ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप भारतात होता. यजमान म्हणून आपण फिफाच्या कुठल्याही वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदाच खेळत होतो. आमच्या विश्रामबागच्या खोलीवर एका मोबाइलभोवती सात जण बसायचो. संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, माझ्याच जागेवर खेळणारा, माझ्याहून जेमतेम वर्षानं लहान. सांगलीहून कोल्हापूर म्हणजे तासा-दीड तासाचं अंतर, त्यामुळं तो आम्हाला गल्लीतलाच वाटायचा. ६ ऑक्टोबरला आपण अमेरिकेकडून ०-३ हरलो. सगळे गोलकीपर धीरजसिंगच्या बचावाबद्दल बोलत होते. मी अनिकेतकडं बघत होतो. चेंडू जिंकला की आपले बहुतेक खेळाडू आपल्याच अर्ध्यात खोल असायचे, आणि पुढं त्याला मिळायचा तो लांबून आलेला चेंडू आणि समोरचे दोन स्टॉपर. खोलीतलं कुणीतरी म्हणालं, "हा काय करतोय नुसता पळून?" मी पहिल्यांदाच जोरात ओरडलो, "अरे, द्यायला आहे कोण त्याच्याजवळ?"

९ तारखेला कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जॅकसनसिंगनं कॉर्नरवर हेडर मारला. भारताचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल. आम्ही पलंगावर उड्या मारत होतो तोवर कोलंबियानं पुढच्याच मिनिटाला गोल करून सामना २-१ असा नेला. मग घानाकडून ०-४. स्पर्धेत आपला एकच गोल, तोही कॉर्नरवर. नंतर मला हे पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. कॉर्नर हाच एक क्षण असा, की ज्यात खोल बसलेला संघसुद्धा सात-आठ माणसं हक्कानं पुढं आणू शकतो.

*

आठवड्यानं दिवाळीला घरी गेलो. आमचे आबा, म्हणजे आजोबा, १९६० साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालेले. बेळगावच्या सेंटरला ते फुटबॉल खेळायचे, 'राइट आउट'च्या जागेवर. टीव्हीवर सामना लागला की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "ह्यांचा सेंटर हाफ कुठाय?" माझ्या तोंडावरून त्यांनी ओळखलं असावं. फराळाच्या ताटलीतले शेंगदाणे घेऊन ते ओसरीवर बसले आणि मांडायला लागले. मागं दोन, मध्ये तीन, पुढं पाच.

"पाच?" मी म्हणालो.

"राइट आउट, राइट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन, लेफ्ट आउट," त्यांनी एकेका दाण्यावर बोट ठेवलं. "आमी भरती झालो तवर जुनं झालं हुतं, पण नावं तीच चालायची. आता तुजं मांड."

मी ४-५-१ मांडलं. पुढचा एकटा शेंगदाणा बराच लांब गेला. आबा त्याच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तुज्याजवळ कोण असतंय?"

एवढंच. मला उत्तर देता आलं नाही.

मग त्यांनी जर्नेलसिंगची गोष्ट सांगितली. १९६२ची जकार्ताची एशियाड. जर्नेलसिंग आपला सगळ्यात भक्कम स्टॉपर. डोक्याला जखम झाली, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला सेंटर फॉरवर्डला खेळवलं. सेमीफायनलला त्यानं गोल केला आणि फायनलला दक्षिण कोरियाविरुद्धही केला. आपण २-१ जिंकलो. एशियाडमधलं फुटबॉलचं सुवर्णपदक त्यानंतर आपल्याला मिळालेलं नाही. "मानूस त्योच," आबा म्हणाले, "जागा बदलली की काम बदलतं."

त्या रात्री मी मोबाइलवर वाचत बसलो. आबांचे पाच फॉरवर्ड का कमी झाले ते कळलं. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. त्याआधी हल्ला करणाऱ्याच्या पुढं समोरचे किमान तीन खेळाडू लागायचे, ते दोनवर आले. गोल वाढले, तसा एक माणूस बचावाला ओढून नेणं भाग पडलं. तेव्हापासूनचा सगळा इतिहास म्हणजे एक माणूस इकडून उचलून तिकडं ठेवण्याचा आणि त्यानं उघडी पडलेली जागा झाकण्याचा.

आणि मग २५ नोव्हेंबर १९५३. वेम्बलीवर हंगेरीनं इंग्लंडला ६-३ हरवलं. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेकुटी पुढं थांबतच नव्हता, खाली मध्यात येत होता. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन याला शेवटपर्यंत कळलं नाही की त्याच्यामागं जावं की जागेवर थांबावं. गेलं तर मागं भगदाड, थांबलं तर हिदेकुटी मोकळा. हिदेकुटीनं स्वतः तीन गोल केले.

मी मोबाइल खाली ठेवला. हे मी बघितलेलं होतं. वर्षभर, आठवड्यातून दोनदा, मुरमाच्या मैदानावर, दहा पावलांवरून. फक्त आमच्या हिदेकुटीला स्वतःला गोल मारायची घाई नव्हती. तो चेंडू मला द्यायचा.

*

फेब्रुवारीत सीनियर पोरांनी आम्हाला कोल्हापूरला नेलं. तिथले संघ तालमींच्या नावाचे आहेत: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. जिथं मातीत कुस्ती चालायची, त्याच मंडळांनी फुटबॉल उचलून धरला. शाहू स्टेडियमवर कामाच्या दिवशी दुपारी चारला हजारो माणसं असतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपण कोच असल्याची खात्री असते. मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो आणि पहिल्यांदाच ठरवून चेंडूकडं बघितलं नाही. एका स्ट्रायकरकडं बघितलं आणि दर वेळी त्याला चेंडू मिळाला की मोजलं, दहा-बारा पावलांत त्याचे किती जण आहेत. शून्य असले तर चेंडू जायचा. एक असला तर फाउल किंवा थ्रो-इन तरी मिळायचा. दोन असले की गॅलरी उभी राहायची.

वरून दिसलेली दुसरी गोष्ट म्हणजे फॉर्मेशन उभं राहण्यासाठी नसतं. किकऑफला ४-४-२ उभा असलेला संघ चेंडू मिळाल्यावर दोन मिनिटंही तसा राहत नाही. आकडे फक्त एवढं ठरवतात की पळायला सुरुवात कुठून करायची. कडेचा माणूस मुळातच उंच उभा असेल तर हल्ल्यात तो वेळेवर पोचतो. खाली उभा असेल तर पोचेपर्यंत हल्ला संपलेला असतो. आदल्याच मोसमात चेल्सी आर्सेनलकडून ०-३ हरल्यावर कोन्तेनं संघ ३-४-३ केला आणि लीगमधले पुढचे तेरा सामने ओळीनं जिंकले. खेळाडू बहुतेक तेच होते. पण दोन्ही कडांना मोझेस आणि अलोन्सो वर सरकल्यामुळं समोरचा बचाव रुंदीला ताणला जायचा आणि आतल्या फटीत हझार्ड मोकळा सापडायचा.

सांगलीला परत आल्यावर मी धीर करून सरांकडं गेलो. "सर, माझ्याजवळ एक माणूस द्या." सरांनी ऐकून घेतलं. दोन दिवसांनी फळ्यावर ४-४-१-१ होतं. मधल्या पाचांतला एक उचलून स्ट्रायकरच्या मागं ठेवलेला. मला आनंद झाला, तो पुढचं वाक्य येईपर्यंत. "तू मागं ये," सर म्हणाले. "पुढं मिरजेचा पोरगा खेळेल. तो तुझ्याहून जोरात पळतो."

ती रात्र वाईट गेली. मिरजेच्या पोराला चेंडू थांबवताही येत नव्हता धड. वाटलं, बॅग भरावी, पहाटेची गाडी धरावी आणि पेठ नाक्यावरून सातारा गाठावा. आबांना फोन केला. ते म्हणाले, "जर्नेलसिंगानं इचारलं हुतं का, मला का म्हणून?" आणि औषधाची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

तो सामना कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही. प्रेक्षक म्हणजे दोन कुत्री आणि भडंगवाला. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या मिडफिल्डरकडं चेंडू आला आणि माझे पाय आपोआप मागं निघाले, गोलकडं पाठ करून, दहा-बारा पावलं. पाठीमागं स्टॉपरचा श्वास ऐकू येत होता. म्हणजे तो आला होता. म्हणजे त्याची जागा रिकामी होती. मी वळून बघितलंसुद्धा नाही, बाहेरच्या पायानं चेंडू तिकडं सरकवला. वळलो तेव्हा मिरजेचा पोरगा गोलकीपरसमोर एकटा होता.

सगळे त्याच्या अंगावर जाऊन पडले. मी सेंटर सर्कलकडं चालत निघालो. तेव्हा मला साताऱ्यातलं एक दृश्य आठवलं, जे मी सव्वीस वेळा बघितलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. मी हात पसरून कोपऱ्यातल्या झेंड्याकडं धावतोय, आणि एक पोरगा मोजे वर ओढत सेंटर सर्कलकडं चालत निघालाय.

*

हे मी त्याला लगेच फोन करून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एखाद्याचे पैसे द्यायचे राहिले की आपण त्या गल्लीतून जायचं टाळतो, तसं झालं. दहा नंबर तोवर वडिलांच्या टायर-पंक्चरच्या दुकानात बसायला लागला होता, हायवेच्या सर्व्हिस रोडवर. आम्ही भेटायचो, चहा प्यायचो, फुटबॉलवरही बोलायचो, पण मेस्सी आणि रोनाल्डोवर.

१८ डिसेंबर २०२२ला रविवार होता. मी पुण्याहून घरी आलो होतो. वर्ल्ड कपची फायनल त्याच्या दुकानात बघितली, कॉम्प्रेसरच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर. सामना सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, तो म्हणाला, "डी मारिया डावीकडं हाय. लाइनला चिकटलाय बघ." मी मेस्सीकडं बघत होतो. विसाव्या मिनिटानंतर डी मारियानं डावीकडून आत घुसून पेनल्टी मिळवली. ३६व्या मिनिटाला उजवीकडून सुरू झालेला हल्ला मेस्सीच्या एका टचवरून पुढं गेला, मॅक ॲलिस्टरनं चेंडू आडवा टाकला, आणि डावीकडं डी मारिया मोकळाच होता. २-०. ६४व्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं. दहा नंबर हातातला पाना खाली ठेवत म्हणाला, "आता बघ. आता फ्रान्सला त्या बाजूची भीती न्हाई." ८० आणि ८१व्या मिनिटाला एम्बापेचे दोन गोल झाले. अर्जेंटिना शेवटी ३-३ नंतर पेनल्टींवर जिंकली, पण त्या रात्री मला धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. माझ्या शेजारी स्टुलावर बसलेला हा माणूस मैदान असं बघत होता, जसं बघायला मला एक अख्खं गोलशून्य वर्ष लागलं. आणि त्याला टेबलामागच्या माणसानं फक्त गोल विचारले होते.

शटर ओढताना मी म्हणालो, "ते सव्वीस गोल..."

तो थांबला.

"तू मागं यायचास म्हणून व्हायचे ते. चाचणीच्या वेळी मी सांगायला पाहिजे होतं. त्या माणसाला. निदान तुला तरी."

त्यानं कुलूप लावलं, ओढून बघितलं. "इचारलंच न्हाई त्यानं, पास किती दिले म्हणून," तो म्हणाला. थोडा वेळ तसाच गेला. हायवेवरून दोन ट्रक गेले. मग म्हणाला, "आनि सव्वीस न्हाई. पंचवीस. एक पेनल्टी हुती. ती तुजी."

म्हणजे त्यानंही मोजले होते.

गाडीला किक मारत त्यानं विचारलं, "पुढच्या रविवारी हायस का? सकाळी मुरमावर खेळतो आमी. सात-सात जन. पुढं एकच लागतोय, पन तुला घ्यायचं म्हनलं तर दोघं ठिवू."